एकच ओढा, दोन अभ्यासक्रम

दरवर्षी मे-जूनच्या सुमारास आम्हाला ओळखीच्या शिक्षकांचे फोन येतात. निकाल लागलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात, आणि एखादी मुलगी किंवा मुलगा सगळ्यांच्या रांगेतून बाजूला होऊन म्हणत असतो, "मला नदी, जंगल, हवामान असं काहीतरी शिकायचंय." घरच्यांना काही सुचत नाही. ते शाळेतल्या सरांकडे जातात आणि सर आम्हाला विचारतात. प्रश्न ठरलेला: भूगोल घ्यावा की पर्यावरणशास्त्र?

काही वर्षांपूर्वीचा एक फोन मात्र वेगळा होता. तालुक्याच्या गावी शिकवणारे एक सर बोलत होते. त्यांच्या एका विद्यार्थिनीने कला शाखेतून भूगोल घेऊन बी.ए. केले होते, तेही उत्तम गुणांनी. तिला पुढे एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र करायचे होते. अर्ज घेऊन ती एका विद्यापीठात गेली आणि खिडकीवरूनच परत आली. पात्रतेच्या रकान्यात 'विज्ञान शाखेची पदवी' असे लिहिले होते. सर म्हणाले, "मीच तिला अकरावीला सांगितलं होतं, भूगोल घे, पर्यावरण म्हणजे भूगोलच की. माझं काय चुकलं?"

सरांचे म्हणणे ज्ञानाच्या दृष्टीने फारसे चुकले नव्हते. चुकले ते खिडकीच्या दृष्टीने. या दोन्ही दृष्टींनी हा प्रश्न एकदा नीट पाहावा, म्हणून हा लेख.

शाळेत हे दोन विषय वेगळे नसतात. गेली कित्येक वर्षे आपल्याकडच्या तिसरी ते पाचवीच्या मुलांनी 'परिसर अभ्यास' या नावाचे पुस्तक वाचले. त्यात गावचा ओढा होता, ओढ्याचे पाणी घाण कसे होते ते होते, ओढा कुठून येतो तेही होते. सहावीत गेल्यावर ओढा 'कुठून येतो' ते भूगोलाच्या पुस्तकात गेले आणि पाणी 'घाण कसे होते' ते विज्ञानाच्या. पुढे अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय आला तो सर्वांना सक्तीचा, म्हणून कोणाचाच नाही. विद्यापीठात पोचेपर्यंत ओढ्याचे असे तुकडे झालेले असतात. ते कसे पडतात हे पाहण्यासाठी खराच एक ओढा घेऊ.

पुण्याचा आंबिल ओढा

कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा उत्तरेकडे वाहत पुणे शहराच्या दक्षिण भागातून येतो आणि दत्तवाडीजवळ मुठा नदीला मिळतो. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. पूर्वी हा ओढा जुन्या वस्तीजवळून वाहत असे. पेशवाईतच तो पर्वतीपासून पश्चिमेला वळवण्यात आला. म्हणजे आज ज्याला आपण ओढ्याचे पात्र म्हणतो त्याचा शेवटचा भाग निसर्गाने नव्हे, माणसाने घातलेला आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याला अचानक पूर आला. भिंती कोसळल्या, घरे आणि वाहने वाहून गेली. त्या रात्रीच्या पावसात पुणे आणि आसपासच्या भागात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली.

आता समजा, भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याला हा ओढा प्रकल्पासाठी दिला. तो पहिल्या दिवशी ओढ्यावर जाणारच नाही. तो भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा उघडेल, समोच्चरेषांवरून पाणलोट क्षेत्राची सीमा आखेल, उतार काढेल. मग तो जुने आणि नवे उपग्रह-चित्र शेजारी ठेवून पाहील की पूर्वी जिथे शेते आणि माळ होते तिथे किती सिमेंट आले. याला महत्त्व का, ते एका साध्या गणिताने मुलांनाही पटवता येते.

पाणलोट १० चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यावर १० सेंटिमीटर पाऊस पडला असे धरा. (हे आकडे आंबिल ओढ्याचे नाहीत, समजण्यापुरते घेतले आहेत.) एकूण पाणी झाले १० लाख घनमीटर. त्यातले निम्मे जमिनीत मुरले आणि उरलेले दोन तासांत ओढ्यातून गेले, तर प्रवाह सेकंदाला सरासरी सुमारे ७० घनमीटर. माती झाकली गेल्यामुळे नव्वद टक्के पाणी वाहून आले तर तोच प्रवाह १२५ घनमीटर. पाऊस तोच, ओढाही तोच. पात्र मात्र रुंद होण्याऐवजी दोन्ही बाजूंनी आवळलेले.

पुढे हा विद्यार्थी पूररेषांकडे वळेल. आपल्याकडे नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात; निळी साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी भलेभले फसतात. एकदा पूर येऊन गेला की आता नातवंडांपर्यंत काळजी नाही, असे लोकांना वाटते. खरा अर्थ एवढाच की कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे. तीस वर्षे त्या रेषेवरच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या कुटुंबाला तीस वर्षांत तिथवरचे पाणी एकदा तरी पाहावे लागण्याची शक्यता ७१ टक्के. आणि त्या रेषेच्या आत कोण राहते? हा प्रश्नही भूगोलाचाच आहे. कोणती वस्ती केव्हा आली, कुठून आली, दुसरीकडे जागा का मिळाली नाही, हे तो घरोघर जाऊन विचारील. एकाच प्रबंधात उताराचे गणित आणि वस्तीची मुलाखत बसवणे हे भूगोलाचे बळ आहे. बाकीच्या विज्ञानशाखांना ते थोडे गबाळे वाटते, ही गोष्ट वेगळी.

हाच ओढा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थिनीला दिला तर ती पहिल्याच दिवशी बाटल्या घेऊन काठावर उतरेल. पाण्याचे तापमान, सामू आणि विद्राव्य ऑक्सिजन जागेवर मोजेल, उरलेले नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत आणील. पंचवीस अंश सेल्सियसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. सांडपाणी मिसळले की त्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू तुटून पडतात आणि हा ऑक्सिजन संपवतात. तो किती संपेल याच्या मापाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे तिला बीओडी म्हणतात. परदेशी पुस्तकांत ही चाचणी वीस अंशांना पाच दिवस ठेवून करतात. आपल्याकडे ती सत्तावीस अंशांना तीन दिवस ठेवून करण्याची पद्धत आहे, कारण आपल्या हवेत जिवाणूंना एवढा वेळ लागत नाही. अंघोळीच्या योग्यतेच्या पाण्यासाठी ही मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विद्राव्य ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या वर असावा लागतो. मग ती विष्ठेतील जिवाणू मोजेल, गाळातले धातू मोजेल, पुलाखाली अडकलेल्या कचऱ्याचे वजन करील. शेवटच्या प्रकरणात ती कायद्याकडे वळेल: १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, सांडपाणी शुद्धीकरणाची जबाबदारी कोणाची, आणि उपाय काय.

फरक येथे दिसतो. भूगोल जागेपासून सुरुवात करतो आणि विचारतो, हे इथेच का? पर्यावरणशास्त्र बिघाडापासून सुरुवात करते आणि विचारते, काय बिघडले, किती, आणि दुरुस्त कसे करायचे? पहिल्याचे हत्यार नकाशा, दुसऱ्याचे हत्यार मापन. म्हणूनच भूगोलाचा विद्यार्थी पुष्कळदा पाणी 'प्रदूषित आहे' एवढे लिहून पुढे जातो. कशाने आणि किती, हे त्याने स्वतः मोजलेले नसते. उलट पर्यावरणाची विद्यार्थिनी बीओडी दशांश चिन्हापर्यंत देते, पण त्या वेळी ओढ्यात पाणी किती वाहत होते हे लिहायला विसरते. लिटरमागे ३० मिलिग्रॅम हा आकडा प्रवाहाशिवाय अर्धा आहे. प्रवाह सेकंदाला एक घनमीटर असेल तर त्या ओढ्याने नदीत दिवसाला सुमारे २.६ टन ऑक्सिजनचे देणे नेऊन टाकले. प्रवाह त्याच्या दशांश असेल तर देणे २६० किलोचे. शुद्धीकरण केंद्र केवढे बांधायचे हे यावर ठरते.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या गटाने एका अवर्षणप्रवण तालुक्यातल्या चाळीसेक विहिरींतले नायट्रेट मोजले. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. रासायनिक काम चोख झाले, प्रत्येक नमुना दोनदा तपासला. पण शेजारशेजारच्या दोन विहिरींचे आकडे एकमेकांशी जुळेनात. एक मर्यादेच्या खूप खाली, दुसरी खूप वर. आम्ही खताचा हिशेब लावत बसलो. शेवटी भूगोल विभागातले एक स्नेही आले, त्यांनी आमची वही पाहिली आणि विचारले, "विहिरींची उंची कुठे लिहिलीय?" लिहिली नव्हती. कोणती विहीर गावठाणाच्या वरच्या अंगाला, कोणती खालच्या, कोणती सच्छिद्र बेसाल्टच्या थरात आणि कोणती घट्ट थरात, यातले काहीच आमच्याकडे नव्हते. दख्खनच्या खडकात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरते, त्यामुळे पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींचे पाणी एकमेकांना ओळखत नाही, असे होऊ शकते. पुन्हा सर्व विहिरी फिरलो. एक हंगाम वाया गेला.

नातेसंबंध

खरे तर या दोन विषयांचे नाते बाप-लेकीचे आहे. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टला दोघेही आपला पूर्वज मानतात. १८०२ साली तो दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढला आणि उंचीनुसार वनस्पती कशा बदलतात याचे चित्र त्याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या एका चित्रात वनस्पतिशास्त्र, हवामानशास्त्र आणि नकाशा एकत्र होते. पुढे ही एकत्र मोट फुटली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने तर १९४८ मध्ये भूगोलाचे शिक्षण बंदच केले. ते शास्त्र आहे की वर्णन, अशी शंका तिथल्या धुरीणांना होती, आणि तो धक्का तिथल्या भूगोलाला पुष्कळ वर्षे बाधला.

गंमत अशी की त्यानंतर वीस वर्षांतच 'पर्यावरण' या नावाचे विभाग निघू लागले आणि इंग्लंडमध्ये ते काढणारे भूगोलाचे लोक होते. लँकेस्टर विद्यापीठात १९६४ मध्ये पर्यावरण अभ्यासाचा विभाग सुरू करणारे गॉर्डन मॅन्ली हे भूगोलातून आलेले हवामानतज्ज्ञ. मध्य इंग्लंडच्या तापमानाची १६५९ पासूनची जी मासिक मालिका आज हवामानबदलाच्या प्रत्येक चर्चेत येते, ती त्यांनी जुन्या नोंदवह्यांतून जुळवली. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९६७ मध्ये पर्यावरणविज्ञानाची शाखा उभारणारे कीथ क्लेटन हे भूरूपशास्त्रज्ञ. ऑक्सफर्डच्या भूगोल विभागाच्या तर आज नावातच 'भूगोल आणि पर्यावरण' असे दोन्ही आहे. तिथे दोघांनी एकच घर केले.

आपल्याकडे असे झाले नाही, याचे एक कारण म्हणजे पर्यावरणशास्त्र आपल्याकडे भूगोलातून आलेच नाही. ते आले सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीतून, रसायनातून आणि जीवशास्त्रातून. नागपूरची 'नीरी' ही संस्था १९५८ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावात आरोग्य-अभियांत्रिकी होती. 'पर्यावरण' हा शब्द १९७४ मध्ये आला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ही फाळणी एकाच आवारात पाहता येते. तिथे भूगोल शिकवणारे प्रादेशिक विकास अभ्यास केंद्र १९७१ मध्ये निघाले, ते सामाजिक शास्त्रांच्या शाखेत, अर्थशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्राच्या सोबतीने. पर्यावरणविज्ञानाची शाखा १९७४ मध्ये स्वतंत्र निघाली. एकात विद्यार्थी गावांचे सर्वेक्षण आणि जनगणनेचे तक्ते घेऊन बसतो, दुसऱ्यात हवेच्या नमुन्यांचे गाळणकागद घेऊन.

आणि तरीही काम जेव्हा खरोखर कठीण असते तेव्हा ही भिंत टिकत नाही. नर्मदा आणि तापीच्या काठावर साचलेल्या जुन्या गाळाचे थर वाचून, लेखी नोंदी नसलेल्या काळातल्या महापुरांचा शोध डॉ. विश्वास काळे यांनी घेतला, तो पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातून. उलट, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला तेव्हा अध्यक्ष परिसरशास्त्रज्ञ होते, पण त्यांच्या मांडणीचा पाया भूगोलाचा होता. साऱ्या घाटाचे पाच मिनिटे अक्षांश आणि पाच मिनिटे रेखांशांचे, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनाची संवेदनशीलता ठरवलेली.

नावावर जाऊ नये

'पर्यावरणशास्त्र' आणि 'पर्यावरण अभ्यास' हेही एक नव्हेत. पहिल्यात रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, उपकरणे, सांडपाणी व हवेचे प्रदूषण, विषशास्त्र, परिसरशास्त्र असे विषय असतात आणि आठवड्याचे कित्येक तास प्रयोगशाळेत जातात. दुसऱ्यात धोरण, कायदा, अर्थशास्त्र, लोकचळवळी यांचा भाग मोठा असू शकतो. अमेरिकेत मिडलबरी महाविद्यालयाने १९६५ मध्ये पदवीला जो कार्यक्रम सुरू केला त्याचे नाव 'पर्यावरण अभ्यास' असेच आहे. आपल्याकडे या नावाने आणखी एक घोटाळा झाला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल देऊन पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर आणण्यास सांगितले. त्यातून पुढे पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा सक्तीचा पेपर आला. हेतू चांगलाच होता. पण हजारो महाविद्यालयांत तो शिकवायला त्या विषयाचा माणूस नव्हता. ज्याचे तास कमी भरत असतील त्याच्याकडे तो गेला. आता मुलाने 'पर्यावरण' म्हटले की पालकांना हाच पेपर आठवतो आणि ते म्हणतात, त्यात काय शिकायचे?

भूगोलातही असे दोन चेहरे आहेत. काही विभागांत भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सुदूर संवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली (जिला आता सगळे जीआयएस म्हणतात) यांवर भर असतो. काही ठिकाणी लोकसंख्या, शेती, नागरीकरण यांवर असतो. पुण्याच्या विद्यापीठात भूगोलात एम.ए. आणि एम.एस्सी. दोन्ही करता येतात. म्हणून माहितीपत्रकातले नाव बाजूला ठेवून विद्यार्थ्याने विभागात प्रत्यक्ष जावे आणि विचारावे, की गेल्या वर्षी क्षेत्रकार्याला किती दिवस बाहेर गेलात? संख्याशास्त्र कोण शिकवते आणि ते परीक्षेपुरते आहे की विद्यार्थी स्वतःची माहिती त्यात घालतात? प्रयोगशाळेतले उपकरण चालू आहे की त्यावर कापड घातले आहे? दोन वर्षांपूर्वीचे दोन प्रबंध चाळायला मागावेत. ते देताना विभागाचे तोंड कसे होते, त्यावरूनही पुष्कळ कळते!

आता खिडकीकडे

पात्रतेचे नियम विद्यापीठागणिक थोडे वेगळे असतात आणि बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षीचे माहितीपत्रक पाहावेच. पण एकूण ठेवण अशी: विज्ञानाकडून भूगोलाकडे जाणारे दार बहुतेक ठिकाणी उघडे असते, कला शाखेच्या भूगोलाकडून पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.कडे जाणारे दार बहुतेक ठिकाणी बंद असते. म्हणजे हा निर्णय बारावीनंतर किंवा पदवीनंतर होत नाही. तो दहावीनंतर, शाखा निवडताना नकळत होऊन जातो. त्या वेळी मुलाच्या शेजारी शिक्षकच असतात. ज्या मुलाला भूगोल मनापासून आवडतो पण पर्यावरणाचीही ओढ आहे, त्याला हे सांगावे की आपल्याकडे अकरावी-बारावी विज्ञानाला भूगोल हा ऐच्छिक विषय घेता येतो, आणि काही महाविद्यालयांत बी.एस्सी.लाही घेता येतो. हे पर्याय सगळीकडे नाहीत; शोधावे लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची सोय आली आहे. कागदावर भूगोल आणि पर्यावरण यांची जोडी आता जमू शकते. महाविद्यालयात दोन्ही शिकवणारे हवेत, एवढीच अट.

पुढची दारे आणखी चमत्कारिक आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय आहे. पर्यावरणशास्त्र नाही, जरी पर्यावरणावर प्रश्न भरपूर असतात. शाळेत शिक्षक व्हायचे तर भूगोल हा अध्यापनाचा विषय आहे, पर्यावरण नाही. उलट प्रदूषणाचे मापन करणाऱ्या प्रयोगशाळा, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे, कारखान्यांचे पर्यावरण विभाग इथे पर्यावरणशास्त्राच्या पदवीला मागणी असते. १९९४ मध्ये आणि नंतर २००६ मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचना निघाल्या, त्यांनी सल्लागार संस्थांचा एक मोठा व्यवसायच उभा केला. त्यात हवा, पाणी, आवाज यांच्या तज्ज्ञांबरोबर भूवापराचाही तज्ज्ञ लागतो, आणि तिथे भूगोलाचे लोक शिरतात. महाविद्यालयीन प्राध्यापकपदासाठीच्या 'नेट' परीक्षेत हे दोन वेगळे विषय आहेत.

सर्वात जास्त फसगत होते ती वनसेवेबाबत. पर्यावरणशास्त्र केले की वनाधिकारी होता येते, असे मुले धरून चालतात. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीला पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिकी, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक तरी विषय लागतो, किंवा शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांची पदवी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही आणि भूगोलही नाही. हे आम्हाला अन्यायाचे वाटते, पण आहे ते असे आहे. म्हणून बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र करणाऱ्याने सोबत रसायन किंवा वनस्पतिशास्त्र पदवीपर्यंत आहे ना, हे प्रवेशाच्या दिवशीच पाहावे.

आमचे मत विचारलेत तर पदवीपर्यंत एक जुना, टणक विषय हाताशी असावा: रसायन, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र, गणित, किंवा नीट शिकवला जाणारा भूगोल. पर्यावरणशास्त्र हा अनेक विषयांच्या चौकातला विषय आहे. चौकात उभे राहायचे तर एका रस्त्याने चालत आलेले बरे; नाहीतर प्रत्येक रस्त्याची पाटी तेवढी वाचता येते. आमचे काही सहकारी याच्या अगदी उलट सांगतात. त्यांच्या मते जुन्या विषयांच्या चौकटीत तीन वर्षे घातली की विद्यार्थी पुन्हा ओढा अखंड पाहूच शकत नाही. त्यांच्याकडे उत्तम तयार झालेले विद्यार्थीही आहेत, त्यामुळे हा वाद आमच्यात चहाच्या वेळी अजून चालतो.

शाळेत मात्र वर्गाचे दोन गट करून पाहण्यासारखे आहे. आठवी-नववीच्या एका गटाने गावच्या ओढ्याचा नकाशा काढावा: उगम, वळणे, पूल, काठावरची घरे, पावसाळ्यात पाणी कुठवर आले होते ते भिंतीवरच्या डागांवरून. दुसऱ्या गटाने तीन ठिकाणी पाणी पाहावे: वास, रंग, तापमान, काठचे किडे, आणि काचेच्या बरणीत ठेवल्यावर किती गाळ बसतो ते. तरंगते पान दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते मोजले आणि पात्राची रुंदी व खोली घेतली तर प्रवाहाचा ढोबळ अंदाजही येतो. मग दोन्ही गटांच्या वह्या एकमेकांना द्याव्यात आणि दुसऱ्यांच्या वहीत काय राहून गेले ते लिहायला सांगावे. कोणत्या मुलाचे लक्ष नकाशात रमते आणि कोणाचे बरणीत, हे अभिरुची चाचणीपेक्षा इथे लवकर दिसते.

त्या सरांच्या विद्यार्थिनीने पुढे भूगोलातच एम.ए. केले, जीआयएसचे पेपर घेतले आणि प्रबंधासाठी आपल्याच तालुक्यातला एक ओढा निवडला. पाण्याच्या तपासणीसाठी ती आमच्याकडे नमुने घेऊन आली होती. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्या वेळचा प्रवाह लिहिलेला होता. बर्फ मात्र वाटेत वितळून गेला होता, त्यामुळे अर्धे नमुने तिला पुन्हा आणावे लागले.